वाटीची कड

अडेलार ब्रेसान कसा मेला याचा जो अहवाल आमच्या फिर्माने केला, त्यात कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते. कामगाराचा निष्काळजीपणा.

तो अहवाल मी पहिल्यांदा वाचला तो अडेलारच्याच स्वयंपाकघरात. त्याची बायको ओदिला हिने तो टेबलावर ठेवून हाताने सपाट केला. ओदिला माझ्या मुलीची धर्ममाता. आमच्या डोंगरात अशा दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतात, आणि सख्ख्या बहिणीला सांगणार नाहीत ते एकमेकींना सांगतात.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच."

मी वाचलं.

"एकोणतीस वर्षं संसार केला मी त्या माणसाबरोबर. दुसऱ्याच्या हातात सुरी देताना मूठ पुढे करून द्यायचा. माझ्या आईच्या घरी जेवायला गेलो तरी उठून आधी गॅस बंद आहे का बघून यायचा, आई चिडायची. आणि हे लिहितात निष्काळजी?" तिने बोट त्या शब्दांवर ठेवलं. "गेला तो गेला, कोमाद्रे. तो काही येत नाही आता. पण एवढे दोन शब्द तेवढे काढून आण. या गावात मला उरलेलं आयुष्य काढायचंय. तू ऑफिसात बसतेस, तुला कागदाचं कळतं."

"आणते," मी म्हणाले. दुकानातून मीठ आणते म्हणावं इतक्या सहज म्हणाले.

आमची फिर्मा ट्रॅक्टरमागे जोडायच्या ट्रॉल्या बनवते. द्राक्षं, मका, शेणखत, जे भराल ते वाहून न्यायचं आणि हौदा वर उचलून ओतायचं. हौदा तेलाच्या दाबावर उचलला जातो. त्याच्याखाली शिरून काही दुरुस्ती करायची असेल तर एक लोखंडी टेकू उभा करतात. टेकूचं डोकं हौद्याच्या पोटाला वेल्ड केलेल्या एका वाटीत बसतं. वाटीला कड असते. कड पुरेशी उंच असली की धक्का बसला तरी डोकं वाटीतून सटकत नाही. नसली तर सटकतं. एवढंच आहे ते यंत्रशास्त्र, शाळेतल्या मुलालाही कळेल.

मी ड्रॉइंगच्या खोलीत लागले एकोणनव्वद साली. खोलीचे मुख्य होते इदालिनो फोंतानिवे. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. त्यांच्या हाताची रेघ अशी की छापलेली वाटावी. रोज दुपारी तीनला खोलीत शिमाराउं व्हायचा. म्हणजे भोपळ्याच्या तुंब्यात हिरवी कडू पत्ती, वर गरम पाणी, एकच नळी, आणि तुंबा गोल फिरणार. आम्ही वरचे पाचजण आणि खालच्या शॉपमधले चारजण. मास्तर पाणी ओतायचे. कारखाना बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, चाळीस मिनिटं नऊ माणसं फुकट बसलीत. पण शॉपची सगळी गाऱ्हाणी तिथेच निघायची आणि तिथेच मिटायची.

अडेलार वेल्डिंग शॉपचा मेस्त्री. मी लागून दोन महिने झाले असतील, तेव्हा एक दिवस तो हात पुसत वर आला आणि बसायच्या आधीच बोलायला लागला.

"मास्तर, तुमच्या त्या टेकूच्या वाटीला कड किती दिलीय? दहा मिलिमीटर. दहानं काय होतंय? काल आमच्या वाल्मोरनं नुसता हातोडा मारला हौद्यावर, तर डोकं निम्मं बाहेर. मी ओरडलो म्हणून तो हलला."

"मग किती पाहिजे तुला?"

"तीस."

"कर तीस."

"आणि कागदावर?"

मास्तर हसले. "कागदावर तीस करायचं तर अख्खं पान शाईनं पुन्हा काढा, तिघांच्या सह्या घ्या, आठवडा गेला. बनवणारा तूच आहेस ना? मग कशाला उगाच मेहनत?"

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. तुंबा तेव्हा माझ्या हातात होता आणि मी ऐकण्याच्या नादात तो धरूनच बसले होते. अडेलार म्हणाला, "पोरी, तो मायक्रोफोन नाहीये. पी आणि पुढे दे. का भाषण करतेस?" खोली हसली, माझे कान लाल झाले. म्हणून तो दिवस माझ्या पक्का लक्षात आहे.

त्या दिवसापासून आमच्या शॉपमधून जी वाटी बाहेर पडली तिची कड तीस होती. कागदावर दहाच राहिली. आणि ही एक वाटी झाली, अशा किती तरी गोष्टी. खालच्या शॉपमध्ये कागद भिंतीला लावलेला असायचा, पण कागद बघून वेल्डिंग कोणी करत नसे. बरोबर माप माणसांच्या तोंडात होतं, आणि माणसं रोज तीनला भेटत होती. बारा वर्षं कोणाचं काही बिघडलं नाही.

दोन हजार एक साली साव पावलो शहरातून इंजिनियर मुरिलो आला. हल्ली त्याला शिव्या घालायची आमच्याकडे पद्धत पडली आहे. मी घालणार नाही, कारण त्याने पहिल्याच आठवड्यात जे दाखवलं ते खरं होतं. त्याने कपाटातून हौद्याच्या मागच्या फाळक्याच्या बिजागरीची सगळी ड्रॉइंगं काढली आणि जमिनीवर ओळीने मांडली. अकरा. एकाच बिजागरीची अकरा ड्रॉइंगं, एकेका मिलिमीटरचा फरक, प्रत्येकाला कोणीतरी दोन-तीन दिवस घालवलेले. त्यातली तीन माझी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी कोणावर ओरडत नाहीये, नेइवा," तो म्हणाला. "पण सांगा मला, ही मेहनत कोणाच्या उपयोगी पडली? शेतकऱ्याच्या? तुमच्या?"

त्याने खोलीत एक पाटी लावली : काढलेलं पुन्हा काढायचं नाही. आणि जुन्या ड्रॉइंगांमधून पुन्हा वापरता येतील अशा भागांची यादी करायचं काम मला दिलं. मी उत्साहाने घेतलं. बारा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला विचारून काम दिलं होतं.

तीनच्या बैठकीत तो आठवडाभर आमच्याबरोबर बसला. जीभ भाजून घेतली, नळी हलवली, जी कधी हलवायची नसते, आणि मास्तरांची बोलणी हसत खाल्ली. मग सोमवारी त्याने तक्ता लावला. नऊ माणसं, चाळीस मिनिटं, रोज. लाल रंगात. बैठक बंद झाली आणि जिन्याखाली कॉफीचं यंत्र आलं. शॉपची माणसं वर यायची थांबली. मास्तरांनी त्याच वर्षी निवृत्ती घेतली. पुढे हौद्यांचं वेल्डिंगही डोंगराखालच्या सपाटीवरच्या एका वर्कशॉपला दिलं, आणि अडेलारला दुरुस्तीच्या जीपवर टाकलं. तो म्हणायचा, "आधी ट्रॉल्या करायचो, आता त्यांची दुखणी काढतो. म्हातारपणी डॉक्टर झालो बघ, कोमाद्रे."

त्या हिवाळ्यात सहा टनी नवीन ट्रॉलीचं काम निघालं. टेकू आणि वाटी नव्याने काढायची गरज नाही, असं यादीत ठरलं. ड्रॉइंग तीनशे सतरा, साल चौऱ्याऐंशी, मास्तरांची सही. यादीत घालायला मिनिटही लागलं नाही. महिनाअखेरच्या सभेत मुरिलोने सांगितलं की यादीमुळे सहाशे चाळीस तासांची मेहनत वाचली, आणि सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, घरी जाताना मी रस्ताभर गुणगुणत होते.

सपाटीवरच्या वर्कशॉपने वाटी कागदाबरहुकूम केली. कड दहा. त्यांची काही चूक नाही, त्यांच्याकडे कागदाशिवाय दुसरं काय होतं?

द्राक्षांचा हंगाम संपता संपता, मार्चमध्ये, दरीतल्या एका मळ्यातून फोन आला. सहा टनी ट्रॉलीच्या नळीतून तेल गळतंय. अडेलार गेला. पुढचं त्या मळेवाल्याने मला सांगितलं. अडेलारने हौदा उचलून घेतला, टेकू उभा केला, टेकूला दोन लाथा घालून बघितल्या. मळेवाला म्हणाला, "मेस्त्री, एक लाकडी ओंडकाही लावू का?" नियम तसाच आहे, टेकूबरोबर ओंडका. आमच्याकडे तो कोणी लावत नाही.

अडेलार म्हणाला, "राहू द्या हो. ही वाटी मी स्वतः मोठी करून घेतलीय. यातून हत्ती सटकायचा नाही."

वाटी द्राक्षाच्या चोथ्याने आणि चिखलाने भरलेली होती. कड दिसत नव्हती. तो आत शिरला, नळी सोडवली, दाब गेला, हौदा टेकूवर बसला, हलला, आणि टेकूचं डोकं सटकलं. मळेवाल्याने ट्रॅक्टर लावून हौदा उचलेपर्यंत सगळं संपलं होतं.

म्हणजे तो माणूस आपल्याच शब्दावर विश्वास ठेवून मेला. बारा वर्षांपूर्वी तो बोलला, मास्तर हो म्हणाले, आणि त्याच्या लेखी ती गोष्ट जगातल्या प्रत्येक ट्रॉलीत कायमची बसली होती.

ओंडका लावला नाही, याला फिर्माने निष्काळजीपणा म्हटलं.

चार शनिवार मी व्हर्नियर घेऊन दऱ्या पालथ्या घातल्या. जिथे आमची जुनी ट्रॉली दिसेल तिथे थांबायचं, मळेवाल्याला नमस्कार करायचा, हौद्याखाली वाकायचं, वाटी खरवडून मापायची. तीस. एकतीस. एकोणतीस. तीस. चौदा ट्रॉल्या मापल्या. एका म्हातारीने विचारलं, "काय शोधतेस गं? हरवलंय का काही?" मी म्हणाले, "हो आजी, माप हरवलंय." तिने मला सलामीच्या मांसाचे काप आणि पाव दिला आणि माझ्याकडे काळजीने बघत राहिली. मग नवीन सहा टनी ट्रॉली मापली. दहा. मी शेतात उभी राहून रडले, पण त्या रडण्यात थोडा विजयही होता. आता दाखवायला काहीतरी हातात होतं.

सरकारी कामगार खात्यात दोना जसीरा या अधिकारी बाईकडे मी फेरचौकशीचा अर्ज दिला. राहिले मास्तर. मी त्यांच्या घरी गेले. ते मांडवाखाली बसून वेली बांधायच्या काड्या सोलत होते. मला बघून त्यांनी खुर्ची पुढे केली, पण शिमाराउंचं पाणी गरम करायला उठले नाहीत. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"मास्तर, कामगार खात्याच्या दोना जसीरा तुम्हाला बोलावणार आहेत. फक्त एवढंच सांगा की तीस करायला तुम्ही हो म्हणाला होतात."

"मी?"

"तुम्ही. एकोणनव्वद साली. मी होते तिथे."

"तू तेव्हा पेन्सिलीला टोक कसं करायचं ते शिकत होतीस." ते काडी सोलत राहिले. "लोक काय वाट्टेल ते बोलायचे तिथे. एक म्हणायचा तीस, एक म्हणायचा चाळीस. मी काय प्रत्येकाला हो म्हणालो?"

"याला म्हणालात."

"चाळीस वर्षं माझ्या सहीखाली एक रेघ चुकली नाही, नेइवा. लोक अजून रस्त्यात टोपी काढतात. आता या वयात मी जाऊन सांगू की माझा कागद चुकीचा होता, मला माहीत होतं, आणि मला आळस आला?"

"आळस नव्हता तो, मास्तर."

"मग काय होतं?"

त्यांनी पुढची काडी उचलली. मला त्यांची कीव आली आणि भयंकर रागही आला.

दोना जसीराच्या ऑफिसात त्यांनी एकच वाक्य सांगितलं : माझ्या ड्रॉइंगमध्ये दहा आहे, तीसबद्दल मला काही आठवत नाही. आणि माझ्याकडे न बघता टोपी घालून गेले. बैठकीतल्या उरलेल्यांपैकी दोघे वारले होते, दोघे परगावी, आणि जे फिर्मात होते त्यांना एकाएकी काहीच ऐकू आलेलं नव्हतं.

दोना जसीरा सरळ बाई. माझी चौदा मापं तिने नीट लिहून घेतली, व्हर्नियरसुद्धा तपासला. मग विचारलं, "आणि हे तीनशे सतरा नंबरचं ड्रॉइंग नवीन ट्रॉलीला कोणी निवडलं?"

"मेहनत वाचवायचा कार्यक्रम होता," मी म्हणाले. "त्यातून ठरलं."

तिने तसंच लिहिलं.

महिन्याने दुसरा अहवाल आला, कामगार खात्याचा. निष्काळजीपणा हा शब्द त्यात नव्हता. त्या जागी होतं : मेस्त्री अडेलार ब्रेसान याने ड्रॉइंग विभागाला न कळवता, कोणाच्याही परवानगीशिवाय, भागाचे माप परस्पर बदलले. त्यामुळे ड्रॉइंगमधील दोष बारा वर्षे उघडकीस आला नाही व त्याची परिणती अपघातात झाली.

माझ्या चौदा मापांचा पुरावा त्याला जोडला होता. आधी तो फक्त स्वतःच्या मरणाला जबाबदार होता. आता पुढे अशी आणखी एखादी ट्रॉली कोणावर बसली तर तेही त्याच्याच नावावर जाणार होतं. आणि हे मी करून आणलं होतं.

दुपारी मी ओदिलाकडे गेले. ती रादिचीच्या कडू भाजीची पानं निवडत होती. "आणलंस?" तिने विचारलं, आणि माझा चेहरा बघून पानं बाजूला सारली. "वाच."

मी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.

तिने कागद माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाली, "न कळवता म्हणजे? तो घरी येऊन सांगायचा मला. आज मास्तरांना हे सांगितलं, आज ते सांगितलं. सगळं त्यांनाच तर सांगायचा."

"मास्तर नाही म्हणाले."

"म्हातारा घाबरला. बरं. आणखी कोणी ऐकलं होतं?"

"मी ऐकलं होतं. मी सांगितलंही तसं. एकटीचं धरलं नाही."

"हां. आणि मग ते जुनं ड्रॉइंग नव्या ट्रॉलीत घातलं कोणी?"

"कार्यक्रम होता ना, कोमाद्रे. त्यातून ते..."

"कार्यक्रमाला हात असतात का?"

बाहेर कोणीतरी कुत्र्याला हाक मारत होतं. मी त्या हाका मोजत बसले.

"मी घातलं," मी म्हणाले.

"तू." तिचा आवाज चढला नाही. "तू तिथे बसून ऐकलेलं. मग घालताना तुला आठवलं नाही?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मुरिलोने नाही, दोना जसीराने नाही, नवऱ्याने नाही. मी स्वतःलाही विचारला नव्हता. चार शनिवार चिखलात वाकत फिरले ती बहुधा तो विचारायला लागू नये म्हणूनच. नाही आठवलं म्हणाले असते तर तिने मानलं असतं. माझ्यावर विश्वास ठेवायची तिला सवय होती.

"आठवलं होतं," मी म्हणाले. "कागद उघडला, दहा दिसलं, आणि मनात आलं, हे तीस होतं ना? अडेलारला विचारावं. पण तो जीपवर होता, दरीत कुठेतरी. तीनची बैठकही बंद झालेली. खाली शॉपमध्ये जाऊन वाटी शोधायची, मापायची, मग पान नव्यानं काढायचं. मी म्हटलं, राहू दे. कागदावर मास्तरांची सही आहे."

ओदिला उठली. तिने कपाटातून मुलाची जुनी वही आणली, एक कोरं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं, पेन ठेवलं आणि माझ्या खांद्यामागे उभी राहिली.

"लिही. त्या बाईला पाठवायचंय."

मी लिहिलं. तिने खांद्यावरून हात पुढे करून ते पान फाडलं, कारण मी पुन्हा यादी झाली, भाग निवडला गेला असंच काहीतरी लिहिलं होतं. मी दुसऱ्यांदा लिहिलं. एकोणनव्वद साली अडेलार ब्रेसानने माप बदलायची गरज माझ्यासमोर सांगितली व इदालिनो फोंतानिवे यांनी परवानगी दिली. कड दहाची आहे हे मला दिसलं. ती तीसची हवी हे मला माहीत होतं. विचारून खात्री करायला अर्धा दिवस लागला असता, म्हणून मी विचारलं नाही. ड्रॉइंग मी निवडलं. खाली पूर्ण नाव, सही, तारीख.

नोकरी जाणार हे मला कळत होतं, खटला होईल हेही. आश्चर्य म्हणजे त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही. अडेलारचं नाव तेवढं सुटेल, एवढंच डोक्यात होतं.

ओदिलाने वही उचलून खिडकीशी नेली आणि एकेक ओळ बोटाने वाचत गेली. तिला वाचायला वेळ लागतो. शेवटून दुसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"अर्धाच दिवस?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले.